काळी फळी आणि समोरची खुर्ची

नोरीन सोबचाकला स्वस्थ बसलेलं पोर्ट अ‍ॅल्डर गावात कुणी पाहिलं असेल तर त्याने खुशाल हात वर करावा. कामाला बसली तरी तिचा डावा पाय हलत असतो, तोंडाचा पट्टा चालू असतो आणि डोळे समोरच्याच्या चेहऱ्यावरून हटत नाहीत. काम काय, तर लोकांची अर्कचित्रं काढायची. तळ्याकाठच्या बागेत, लग्नांत, कंपन्यांच्या पार्ट्यांत, आणि जुलै महिन्यात दहा दिवस जत्रेत. सव्वीस वर्षं झाली. कागद उभा लावायचं घडीचं एक ईझल, चार काळे मार्कर आणि दोन खुर्च्या. एकीवर ती, समोरच्या खुर्चीत गिऱ्हाईक, आणि चार मिनिटांत चेहरा कागदावर.

ह्या धंद्यात बसायची रीतच उलटी. ज्याचं चित्र त्याला ते शेवटपर्यंत दिसत नाही. दिसतं ते नोरीनच्या पाठीमागे जमलेल्या गर्दीला. गर्दी हसते, खुर्चीतला माणूस चुळबुळतो, "काय काढलंय हो?" म्हणत मान उंच करतो. नोरीन म्हणते, "हलू नका, नाहीतर तिसरा कान काढीन." गर्दी आणखी हसते आणि त्यातले दोघे पुढचा नंबर लावतात. त्या चार मिनिटांत माणसं काय काय बोलून जातात! कुणी नोकरी सोडलीय आणि बायकोला अजून पत्ता नाही, कुणाचा कुत्रा परवाच गेलाय, कुणाला ज्या पोरीशी लग्न करायचंय ती मागेच उभी आहे आणि हे तिलाच माहीत नाही. नोरीन ऐकते आणि ते सगळं रेघेत घालते.

घरी नवरा क्लिफ. काचेच्या कारखान्यात तीस वर्षं घालवून निवृत्त झालेला. माणूस गुणी, पण दिवसाला मोजून वीस शब्द बोलणार. मूलबाळ नाही. तेव्हा ती समोरची खुर्ची म्हणजे नोरीनचं निम्मं जग होतं, हे वेगळं सांगायला नको.

तर ह्या एप्रिलमध्ये टॅमी रेन्शॉचा फोन आला. ही टॅमी गावोगावच्या चित्रकारांना, जादूगारांना, गाणाऱ्यांना कामं मिळवून देते आणि आपला वाटा घेते.

"नोरीन, बसलीयस ना?"

"मी कधी बसते?"

"हे बघ, जत्रेची कमिटी म्हणतेय, यंदा कागद नको. सगळं डिजिटल पाहिजे. मागे मोठा टीव्ही, त्यावर चित्र होताना दिसलं पाहिजे, आणि झालं की लगेच लोकांच्या फोनवर गेलं पाहिजे."

"आणि ज्याला कागद हवा त्याने काय करायचं?"

"प्रिंटर असतो ना गं."

"टॅमी, सव्वीस वर्षं मी तिथे..."

"माहितीये मला, माझ्यावर कशाला चिडतेस? अर्कचित्रांचा स्टॉल एकच आहे आणि ब्रेंट ओल्स्टाडनेही अर्ज दिलाय. मेच्या तिसऱ्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये पिरोगीचं जेवण आहे. तिथे तुम्ही दोघांनी दोन तास काढायचं. कमिटीचे तिघं येऊन बघतील आणि ठरवतील."

नोरीनने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात चार फेऱ्या घातल्या. जत्रेचा स्टॉल म्हणजे दहा दिवसांची कमाई एवढंच नव्हतं. तिथे बघूनच लोक लग्नांना बोलवायचे. जत्रा गेली की वर्षभरात बाकीचंही जाणार, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईने मग समोरची खुर्ची कुठून आणायची? क्लिफ टोस्टला लोणी लावत होता. त्याने फक्त विचारलं, "कागद बंद?" ती म्हणाली, "कागद बंद." झालं, एवढीच चर्चा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच बाई दारात हजर. आत टॅब्लेट दोन तऱ्हेचे. एक स्क्रीनवाला: काचेवर चित्र दिसतं, तिथेच पेन चालवायचं, अगदी कागदासारखं. दुसरा बिनस्क्रीनचा: नुसती काळी फळी, जेवणाच्या ताटाएवढी. पेन चालवायचं फळीवर आणि रेघ उमटणार समोरच्या लॅपटॉपवर. हात इथे, चित्र तिथे. किंमत मात्र पहिल्याच्या पाव हिश्शाहूनही कमी.

"ही फळी घेतं तरी कोण?" नोरीनने विक्रेत्याला विचारलं.

"पुष्कळ लोक घेतात, मॅडम. सवय होते."

"सवय मला नवऱ्याचीही झाली, पण बावीस वर्षं लागली," असं म्हणून तिने स्क्रीनवाला उचलला.

पहिल्या दिवशी तिचा आनंद गगनात मावेना. रेघ चुकली? एक बटण दाबा, गेली. रंग हवा? बोट लावा, आला. सव्वीस वर्षांत चुकलेली रेघ पुसता येण्याचं सुख ह्या बाईने कधी अनुभवलंच नव्हतं. तिने क्लिफला खुर्चीत बसवलं आणि तीन दिवसांत त्याचे चाळीस चेहरे काढले. टेबलावर वाकलेली, जीभ दाताखाली, तोंडातून शब्द नाही. घर इतकं शांत झालं की शेजारीण विचारायला आली, कुणी आजारी आहे का.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मान चोळत क्लिफला चित्र दाखवलं. "बघ. अगदी हुबेहूब."

क्लिफने बघितलं. "छान आहे. चष्म्यासकट."

"मग? चष्मा नको होता का?"

"चष्मा मी जेवणानंतरच काढून ठेवलाय."

नोरीनने वर बघितलं. खरंच, चष्मा क्लिफच्या खिशात होता. दुपारपासून तिने समोरच्या माणसाकडे धड बघितलंच नव्हतं. चाळीस वेळा काढून पाठ झालेला चेहरा खाली मान घालून गिरवत होती. ईझल उभं असतं, कागदाच्या वरच्या कडेलाच माणसाचं डोकं दिसतं, नजर बोटभर वर-खाली झाली की काम भागतं. हा टॅब्लेट टेबलावर ठेवला की मान खाली जाणार आणि खालीच राहणार. उभा करून पाहिला, तर त्या मोठ्या काचेमागे क्लिफच झाकला जायचा. तिला स्वतःचाच असा राग आला की रात्री जेवलीसुद्धा नाही.

सकाळी ती दुकानाच्या परतीच्या खिडकीवर. तिथे ओपल नावाची बाई बसते, साठीची, चष्मा नाकाच्या टोकावर.

"बिघाड काय आहे?" ओपलने विचारलं.

"काही नाही. उत्तम आहे."

"मग परत का करताय?"

"तो मला मान वर करू देत नाही."

ओपलने चष्म्यावरून बघितलं. "असा रकाना नाहीये ह्या फॉर्ममध्ये."

"मग लिही, गिऱ्हाईक चक्रम आहे."

"हां, ते तर आहेच," ओपल म्हणाली आणि तिने शिक्का मारला.

नोरीनने काळी फळी घरी आणली, आणि खरं सांगतो, असे दोन दिवस त्या घरात कधी गेले नसतील. हात फळीवर, डोळे लॅपटॉपवर, आणि दोघांचं एकमेकांशी भांडण. गोल काढायला जावं तर बटाटा. डोळा काढायला जावं तर तो गालावर. हात दिसत नाही म्हटल्यावर हाताला काही सुचेचना. जी बाई चार मिनिटांत अख्खा मेयर कागदावर उभा करायची तिला आता साधं नाक जमेना. ती ओरडली, रडली, पेन फेकलं, ते सोफ्याखाली गेलं, क्लिफने ते न बोलता काढून दिलं. शनिवारी फळी परत आणि स्क्रीनवाला पुन्हा घरी. मंगळवारी स्क्रीनवाला परत आणि फळी घरी. ओपलने तिसऱ्या वेळी विचारलं, "तुम्ही दोन्ही का नाही ठेवत? परत करायला पंधरा दिवस आहेत हातात. दोघं भांडतील तेवढे भांडू देत." मग दोन्ही आले.

आता तुम्ही म्हणाल, एवढी धडपड कशाला? स्क्रीनवाला घ्यावा, मान थोडी दुखेल, स्टॉल मिळेल, संपलं. नोरीनही स्वतःला दिवसातून दहा वेळा हेच समजावत होती. पण एके दिवशी झालं असं की लॅपटॉप तिने सहज क्लिफच्या खांद्याशेजारच्या स्टुलावर ठेवला, फळी मांडीवर घेतली आणि गवत कापायचं यंत्र पावसात बाहेर ठेवल्याबद्दल क्लिफची बिनपाण्याने करायला लागली. बोलता बोलता हात चालत होता. नजर खाली आणायचं कारणच नव्हतं: समोर क्लिफ, त्याच्या खांद्याला लागून चित्र. शिव्या खाताना क्लिफ ओठांचा एक कोपरा दाबून हसू आवरतो, हे तिला बावीस वर्षांपासून माहीत होतं, पण आत्ता ते तिच्या डोळ्यांदेखत घडलं आणि खाली हाताने ते उचललं. रेघ थरथरती होती, एक कान दुसऱ्याहून वर होता. पण लॅपटॉपवर हसू दाबणारा एक माणूस होता.

क्लिफ उठून बघायला आला. "हा मी आहे," म्हणाला.

हे त्या दिवसाच्या विसातले तीन शब्द. पण त्यांनी नोरीनची झोप उडवली. रविवार सहा दिवसांवर आलेला. स्क्रीनवाल्यावर चित्र सफाईदार आणि झटपट. फळीवर चित्र जिवंत, पण वाकडं आणि अडीचपट वेळ खाणारं. कमिटी काय बघणार? सफाई बघणार, आकडा बघणार. हे तिला स्पष्ट दिसत होतं आणि तरी जीव फळीकडे ओढत होता. सकाळी हा, दुपारी ती, संध्याकाळी पुन्हा हा. रविवारी गाडीत दोन्ही भरले.

"कुठला काढायचा?" हॉलच्या दारात क्लिफने विचारलं.

"मला माहीत नाही. तू गप्प बस."

"मी गप्पच असतो," क्लिफ म्हणाला आणि टीव्ही उतरवायला लागला.

हॉलमध्ये पिरोगीच्या उकडलेल्या करंज्यांचा, परतलेल्या कांद्याचा आणि सॉसेजचा वास भरला होता, कॉफीच्या पिंपापाशी रांग होती. दुसऱ्या कोपऱ्यात ब्रेंट ओल्स्टाडने बस्तान मांडलं होतं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, किडकिडीत, बोलायला गोड. त्याच्यासमोर मोठा स्क्रीनवाला, मागे टीव्ही. आणि त्याने खुर्ची एकच आणली होती, स्वतःसाठी.

"गिऱ्हाइकाची खुर्ची विसरलास की काय?" नोरीनने विचारलं.

"छे, लागत नाही. फोनवर फोटो घेतो, माणूस जेवायला जातो. तीन मिनिटांनी येऊन घेऊन जातो. कुणाचा खोळंबा नाही."

ती बघत राहिली. लोक येत, एक टिचकी, "जा, जेवून घ्या," आणि माणूस पसार. ब्रेंट काचेवर वाकलेला, कोपऱ्यात फोटो, आणि चित्रं, खोटं कशाला बोला, झकास. लोक टीव्हीकडे बघून टाळ्या वाजवत होते. फक्त त्याच्या समोर कुणी नव्हतं. तिथे भिंत होती, भिंतीवर आग विझवायच्या यंत्राचा लाल डबा. आपणही जत्रेत दहा दिवस अशाच एका भिंतीसमोर मान घालून बसलोय, हे नोरीनच्या डोळ्यांपुढे आलं.

"क्लिफ," ती म्हणाली, "फळी काढ."

क्लिफने लॅपटॉप आणि प्रिंटर मांडला, पाठीमागच्या गर्दीसाठी टीव्ही जोडला आणि त्याच चित्राची दुसरी खिडकी टीव्हीवर उघडून दिली. इथेच घात झाला. घरी पडदा एकच होता. इथे दोन झाले, आणि त्या फळीने दोन्ही पडदे मिळून एक लांबलचक पडदा आहे असं धरलं. हात इंचभर आडवा सरकला की रेघ दोन इंच आडवी पळणार. ह्या धंद्यात नवखे लोक हा फटका एकदा खातातच. पण बहुतेक जण तो घरी, एकटे असताना खातात.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून येऊन बसला तो नेमका हार्लन व्रूमन. जत्रा कमिटीचा अध्यक्ष, धान्याच्या कोठारांचा मालक, पंचक्रोशीतला सगळ्यात जाड माणूस. खुर्ची कुरकुरली. नोरीनच्या खुर्चीचा एक नियम होता: जाडी, टक्कल, दात ह्यांना हात लावायचा नाही, माणूस आपणहून हसत सांगेल तरच. तिने मनात ठरवलं, ह्याच्या भुवया घ्यायच्या. भुवया काय दांडग्या होत्या!

"भुवयांना खत कुठलं घालता?" तिने विचारलं. हार्लन हसला. तिचा हात चालू झाला. "हलू नका हं. मागच्या वर्षी एक जण हलला, त्याला बायकोने घरात घेतलं नाही." मागे गर्दी खुसखुसली. नोरीन खूश झाली. तिला वाटलं, जमतंय, तोंडही चालतंय आणि हातही. नजर हार्लनच्या भुवयांवरच. मागे हसू वाढलं. मग कुणीतरी मोठ्याने फिस्सकन हसलं आणि कुणीतरी त्याला "श्श" केलं.

आणि त्याच क्षणी तिला हार्लनचा चेहरा बदलताना दिसला. तोंड हसतच होतं, पण डोळ्यांतलं हसू निघून गेलं. खांदे आत आले. एवढा मोठा माणूस खुर्चीत लहान व्हायला बघत होता. त्याला टीव्ही दिसत नव्हता. तो फक्त बघणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होता आणि काय चाललंय ते त्याला कळलं होतं.

नोरीनने लॅपटॉपकडे नजर टाकली. डोकं भोपळ्यासारखं आडवं पसरलेलं, गाल पडद्याच्या दोन्ही कडांना टेकलेले.

एका बटणात तिने सगळं पुसलं. मग मान वळवून गर्दीला म्हणाली, "हा माझा नवरा होता. सवयीने हात तिकडेच जातो." काटकुळ्या क्लिफकडे बघून लोक हसले. ते हसणं वेगळं होतं. हार्लनचे खांदे जरा खाली आले.

मग तिने पुन्हा सुरुवात केली. काय बिघडलंय ते तिला कळत नव्हतं, पण आडवं धावतंय एवढं कळलं होतं. म्हणून तिने बोटं आखडली, आडवी प्रत्येक रेघ निम्मीच ओढायची. गोल काढायचा तर हाताने उभं अंडं काढायचं. हळूहळू, अंदाजाने, कपाळावर घाम आणि तोंडात गप्पा. बारा मिनिटं लागली. भुवया आल्या, त्यांच्याखाली ते परत आलेलं हसू आलं. हार्लनने प्रिंट घेतली, "वा," म्हणाला आणि गेला.

पुढे चौथ्या गिऱ्हाइकाच्या वेळी ब्रेंट आपण होऊन आला. "दोन पडद्यांवर पसरलीय ती. थांबा." त्याने दोनदा टिचकी मारली आणि फळी एका पडद्यावर आणून दिली. भला माणूस. पण तोवर नोरीनची बोटं आखडायला शिकली होती. पुढची बाई मेणबत्तीसारखी उभी बारीक आली. ती बाई मात्र भलतीच खूश झाली. म्हणाली, पाच प्रिंट द्या.

दोन तास संपले. ब्रेंटची चित्रं त्रेचाळीस. नोरीनची अकरा.

कमिटीचे तिघं कॉफीच्या पिंपापाशी उभे राहिले, चार मिनिटं बोलले. मग टॅमी आली. तिच्या चालीवरूनच कळलं.

"ब्रेंटला दिला गं. काय करू? त्रेचाळीस आणि अकरा. आणि तू जवळ दुसरा टॅब्लेट असून ही फळी कशाला आणलीस? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग?"

तिने वायर गुंडाळायला घेतली, ती तशीच सोडून मार्करचा डबा उचलला, तो ठेवून पुन्हा वायर घेतली. सव्वीस वर्षं गेली, एवढंच तिच्या डोक्यात घणघणत होतं. टॅमी कपाळाला हात लावून पुन्हा कमिटीच्या लोकांमागे पळाली. क्लिफ टीव्ही काढायला वाकला, तेवढ्यात हार्लन व्रूमन समोर येऊन उभा राहिला. हातात त्याची प्रिंट होती.

"आधीच सांगतो," तो म्हणाला, "मत मीही ब्रेंटलाच दिलं. त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस."

"मग आता काय माझं सांत्वन करायला आलात?"

"नाही. एक विचारायचं होतं. ते पहिलं चित्र तुमच्या नवऱ्याचं नव्हतं ना?"

नोरीनने वायर खाली ठेवली. "नाही."

"माहितीये मला. ते हसणं मी दुसरीत असल्यापासून ओळखतो. मला हे विचारायचंय की तुम्हाला कसं कळलं? तुम्ही पडद्याकडे बघतच नव्हतात."

"तुमच्याकडे बघत होते ना."

हार्लनने खुर्ची ओढली आणि तो बसला. "काढा," म्हणाला. "परत काढा. जेवढा आहे तेवढा."

"बोलणी खायची आहेत का मला? माझ्या खुर्चीचा नियम आहे."

"मीच सांगतोय ना? काढा."

नोरीनने फळी मांडीवर घेतली. क्लिफने न सांगता लॅपटॉप हार्लनच्या खांद्याशेजारी सरकवला. हॉलमध्ये आता स्वयंपाकघरातल्या बायका टेबलं पुसत होत्या, मागे गर्दी नव्हती. टीव्ही बंद होता.

"हलू नका," ती म्हणाली. "घरात फोटो आहेत का तुमचे?"

"माझे नाहीत. कॅमेरा कायम माझ्याच हातात असतो. पोरीच्या लग्नातसुद्धा. कॅमेरा धरला की आपण फोटोत येत नाही."

"आणि बायको काही म्हणत नाही?"

"म्हणायची. आता म्हणत नाही. नातीने परवा आल्बम बघताना विचारलं, आजोबा तेव्हा कुठे होते?"

नोरीनचे डोळे भरून आले आणि तिने ते भरू दिले. पुसायला हात रिकामा नव्हता. हात आपोआप रुंद चालला होता, आता खरोखरच रुंद: दोन हनुवट्या, तिसरीही, कॉलरवर टेकलेला गळा, आणि त्या सगळ्यावर आजोबा कुठे होते ह्या प्रश्नाला घाबरलेले ते दोन डोळे. रेघ थरथरत नव्हती. हार्लनला काही दिसत नव्हतं आणि ह्या खेपेला तो कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

दार धाडकन उघडलं आणि टॅमी धापा टाकत आली.

"नोरीन! ऐक, पटकन ऐक! भांडून भांडून दुसरा स्टॉल काढलाय मी तुझ्यासाठी. पार्किंगच्या बाजूला, लहान आहे, पण दहाही दिवस! फक्त ब्रेंटसारखं करायचं, फोटोवरून. खुर्ची नाही, रांग नाही. कमिटीचे बाकीचे दोघं गाडीत बसतायत, आत्ता हो म्हटलं तर होईल. हार्लन, तुम्ही तरी सांगा ना हिला!"

हार्लन हलला नाही. त्याला हलू नका म्हणून सांगितलं होतं.

"नोरीन, अगं बोल! सव्वीस वर्षं आहेत तुझी!" टॅमी दोन पावलं पुढे आली आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली.

नोरीनचा हात फळीवर थांबला. तिने खालचा ओठ चावला. पाय हलायचा थांबला होता.

"टॅमी, बाजूला हो," ती म्हणाली. "मला माणूस दिसत नाहीये."